मदत हवी आहे : आजीच्या पेटीतली मोडी सनद वाचायची आहे (नागपूर)

मंडळी, नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातला आमचा जुना वाडा रिकामा करताना आजीच्या पितळी कड्यांच्या पेटीत दोन मोडी कागद सापडले. मूळ गाव पवनीजवळचं, भंडारा जिल्ह्यातलं. घरात 'भोसल्यांची सनद' हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो, कागद मात्र आजवर कुणी उघडून दाखवला नव्हता.

मोठा कागद आठ घड्यांचा आहे. घडीवर कसर लागून दोन ओळी मधोमध तुटल्यात. शाई अजून काळीभोर, आणि कागद उजेडात तिरपा धरला की अक्षरांत रेतीचे बारीक कण चमकतात. वर डावीकडे गोल शिक्का आहे. मोडीचा वर्ग केला होता तेवढ्या बळावर 'मौजे', 'इनाम', 'नंदादीप', 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' आणि 'सन मयातैन व अलफ' इतकं लागलं. बाकी अक्षर फार धावतं आहे.

लहान कागदाचं मात्र नुकसान झालं. 'टिकेल' म्हणून भावाने तो झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणला. उष्णतेने शाई फिकी पडली आणि एक कोपरा प्लास्टिकच्या आतच दुमडला. तेव्हापासून मोठ्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

घाई अशासाठी की काकांना वाटतं, या कागदावर जमीन परत मागता येईल. मालगुजारी (म्हणजे गावच्या जमिनीवरचे जुने मालकी हक्क) 31 मार्च 1951 ला संपली, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणतात, सनद ती सनद. भांडण मला नको आहे. आजी 91 वर्षांची आहे, तिला एकदा पूर्ण मजकूर वाचून दाखवायचा आहे.

हे साल कोणतं? कागद अस्सल की नक्कल, हे कसं ओळखायचं? आणि लॅमिनेशन काढता येतं का?

मोडीप्रेमी :
आधी साल. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) 1200. हे साल मृगाला सुरू होतं. त्यात 599 मिळवा : मृग 1799 ते मृग 1800. नागपुरात दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा काळ.

आता शेवटच्या चार-पाच ओळी नीट बघा. अशा इनामपत्रांत बहुधा दोन गोष्टी येतात : दरसाल नव्या पत्राचा आक्षेप घेऊ नये (म्हणजे दरवर्षी नवं पत्र मागू नये), आणि पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन द्यावं. मला सनदेतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. हे पत्र लपवून ठेवायचं नव्हतंच. अंमलदार बदलला की इनामदाराने ते उघडून दाखवायचं, त्याने उतरवून घ्यायचं आणि मूळ कागद परत द्यायचा. आठ घड्या त्या येण्याजाण्याच्या असतील.

पण तेवढ्यावरून अस्सल ठरत नाही, नकलेतही हा मजकूर जसाच्या तसा उतरतो. शिक्का बघा. ठसा उमटवलेला असेल तर शाई कुठे दाट, कुठे विरळ दिसते. नकलेत बहुधा लेखणीने वर्तुळ काढून आत अक्षरं लिहिलेली असतात. पाठीमागे 'तालीक' शब्द आहे का तेही पाहा. तालीक म्हणजे नक्कल.

प्लास्टिक घरी सोडवू नका. पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे, दोन्ही कागद तिथे नेऊन विचारा. मोठा कागद तोवर सुती कापडात सपाट ठेवा. चिकटपट्टी अजिबात नको.

कोर्टातला एक :
काकांना एक गोष्ट सांगा, त्यांना पटेल. आम्ही वकील ज्याला एलपीए (लेटर्स पेटंट अपील) म्हणतो, त्यातलं 'लेटर्स पेटंट' म्हणजे राजाचं उघडं पत्र, सगळ्यांनी वाचावं म्हणून दिलेलं. नागपूरचं हायकोर्ट अशाच पत्राने उभं राहिलं, पंचम जॉर्जच्या 2 जानेवारी 1936 च्या. पण अशा पत्राचा अधिकार पुढचा कायदा कमी करू शकतो, आणि अपिलांच्या बाबतीत तसं झालंही आहे. तुमच्या सनदेला तसाच, मालगुजारी संपवणारा 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आडवा येतो. नंदादीपाची जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते बंदोबस्ताच्या मिसलीत (जमीन महसूल ठरवतानाच्या जुन्या दप्तरात) आणि अधिकार अभिलेखात (जमिनीवरच्या हक्कांच्या नोंदीत) कळेल. आधी त्या नकला काढा. कुणाला पैसे देऊन दावा टाकायला जाऊ नका.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच बॅटरीच्या उजेडात पाहिलं. शिक्क्याची शाई उजवीकडे दाट आहे, डावीकडे जवळजवळ नाहीच. पाठीमागे 'तालीक' कुठे दिसत नाही. शेवटून तिसऱ्या ओळीत 'परतोन' स्पष्ट लागलं, त्याआधीचा शब्द घडीत गेला आहे. आजीला तेवढं वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, नंदादीपाला तेल किती लिहिलंय? ती ओळ मला लागत नाही. रविवारी दिवसाच्या उजेडात फोटो काढून टाकतो, कृपया बघाल का?