मदत हवी आहे: ७ आठवड्यांच्या कडकनाथ पिल्लांत तलंगा किती, कोंबडे किती? (इंदूर)

परसदार_इंदूर

घरामागच्या अंगणात १४ पिल्लं आहेत, वय पूर्ण ७ आठवडे. ९ कडकनाथ आणि ५ लालसर, गावठी संकर म्हणून मिळालेली. सगळी एकाच दिवशीची, नर-मादी न निवडता आलेली. ६ आठवडे स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) दिलं, आता ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य) आणि छावणी बाजारातून आणलेली मक्याची भरड, साधारण निम्मं-निम्मं. लसींपैकी लासोटा (राणीखेतची), गंबोरो आणि लासोटाचा दुसरा डोस झालाय. आर-टू-बी (राणीखेतचीच पुढची लस) पुढच्या आठवड्यात टोचायची आहे.

लाल पिल्लांचं थोडं कळतंय: दोघांचे तुरे गुलाबी-लाल झालेत, तिघांचे अजून पिवळट आहेत. कडकनाथांत मात्र सगळ्यांचेच तुरे काळे, पायही काळे. त्यातल्या दोघांना शेपटी जवळजवळ नाहीच, पाठीचा मागचा भाग उघडा दिसतो. ते नर समजायचे का? वस्ती दाट आहे, भिंतीला भिंत लागून घरं आहेत, म्हणून एकच कोंबडा ठेवायचा आणि बाकीचे बांग द्यायला लागण्याआधी दुसरीकडे द्यायचे आहेत. चुकून तलंग (कोवळी मादी) दिली जाऊ नये एवढीच काळजी. टोकदार अंड्यातून नर निघतो, आणि पाय धरून उलटं लटकवल्यावर मान वर उचलतो तो नर, असंही ऐकलं. यात तथ्य आहे का?

माळवा_कुक्कुट

ताई, लाल पिल्लांचा तुमचा अंदाज बरोबर वाटतो. ६-७ आठवड्यांत तुरा जाड होऊन लाल व्हायला लागला आणि चोचीखालचे कल्लेही दिसू लागले, तर तो बहुतेक कोंबडाच.

हीच खूण कडकनाथात फसते, कारण या जातीत काळं रंगद्रव्य कातडी, तुरा, जीभ, हाडांवरचं आवरण इथपर्यंत पसरलेलं असतं. तुऱ्यात रक्त वाढलं तरी लाली वर दिसत नाही. फार तर मळकट करडा तुरा जांभळट, चकचकीत होतो. म्हणून कडकनाथात तुऱ्याचा रंग बघूच नका, आकार बघा. छोटी पट्टी चोचीच्या मुळाशी उभी धरून सगळ्यात उंच दात्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहा. तुऱ्याचं बूड दोन बोटांच्या चिमटीत धरून जाडी जाणून घ्या. नराचा तुरा बुडाशी मांसल लागतो, मादीचा कागदासारखा पातळ. एका मोजणीला अर्थ नाही. दर ८ दिवसांनी, त्याच पिल्लांची, निदान ४ वेळा मोजणी झाली की दोन गट आपोआप वेगळे पडतात.

त्यासाठी प्रत्येक पिल्लाची ओळख पक्की हवी. पायात रंगीत प्लास्टिकची कडी किंवा केबल टाय घाला, पण आत आगपेटीची काडी सहज फिरेल एवढी जागा सोडा आणि दर दोन आठवड्यांनी बदला. या वयात पाय झपाट्याने जाड होतो. विसरलेली टाय मांसात रुतते आणि पिल्लू लंगडायला लागेपर्यंत लक्षातही येत नाही.

पुढच्या आठवड्यात लस टोचताना पिल्लू हातात असेलच, तेव्हाच तुरा, पायाच्या नळीची जाडी आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन उरकून घ्या. वारंवार पकडू नका. वजन सकाळी, खाद्य टाकण्याआधी घ्यायचं. भरलेल्या पोटाने आकडा फसवतो. पूर्ण वाढलेला कडकनाथ कोंबडा साधारण १.८ ते २ किलो आणि कोंबडी १.२ ते १.५ किलो भरते. हा फरक ७ व्या आठवड्यात थोडाच दिसतो, पण जाड नळी, मोठा तुरा आणि जास्त वजन तिन्ही एकाच पिल्लात आलं तर अंदाज भक्कम होतो.

पिसारा

शेपटीबद्दल. तलंगांना शेपटीची आणि खांद्याची पिसं नरांपेक्षा आधी येतात हे खरं, पण ही खूण ३ ते ५ आठवड्यांची. ७ व्या आठवड्यात पाठ उघडी दिसली तर आधी दुसरी कारणं तपासा.

पिल्लू उजेडात धरून उघडी जागा नीट बघा. नवी पिसं मेणचट नळीत गुंडाळलेली, एकसारख्या लांबीची वर येत असतील तर ती उशिरा येणारी पिसं आहेत, म्हणजे नर असण्याची शक्यता आहे. पण तुटलेली खुंटं, रक्ताळलेल्या नळ्या, ओरखडे दिसले तर इतर पिल्लं टोचून खाताहेत. गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे झुपके किंवा पळणाऱ्या उवा दिसल्या तर तो तिसराच प्रकार. टोचलेली तलंग हमखास नर समजली जाते.

तुमच्या खाद्यातच एक कारण दिसतंय. ग्रोअरमध्ये साधारण १६ टक्के प्रथिनं असतात, मक्यात ९ च्या आसपास. निम्मं-निम्मं केलं की मिश्रण साडेबारावर येतं. पिसं जवळजवळ पूर्ण प्रथिनांचीच बनतात, त्यामुळे एवढ्या कमी प्रथिनांत पिसं उशिरा येतात आणि पिल्लं एकमेकांची पिसं खायला लागतात. भरड एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शावर आणा. जागाही मोजा: या वयाला दर पिल्लामागे निदान एक चौरस फूट, जास्त असेल तर उत्तम.

माळवा_कुक्कुट

पिसाराशी सहमत. ते मक्याचं प्रमाण माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते आजच बदला.

झाबुआ_रोड

अंड्याच्या आकाराचं आणि उलटं लटकवण्याचं दोन्ही सोडून द्या. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात झेड-झेड आणि मादीत झेड-डब्ल्यू, म्हणजे लिंग कोंबडीच्या बीजाने ठरतं आणि ते बीज अंडाशयातून सुटण्याआधीच ठरलेलं असतं. कवच त्यानंतर, अंडनलिकेच्या खालच्या भागात, सुमारे २० तास घेऊन चढतं. टोकदार की गोल हे त्या कोंबडीच्या नळीवर अवलंबून असतं. तीच कोंबडी बहुधा त्याच घडणीची अंडी देत राहते, पण पिल्लं दोन्ही निघतात. उलटं लटकवल्यावर मान उचलणं ही तोल सावरण्याची धडपड, ती दोघंही करतात.

गुदद्वार उघडून बघायची पद्धत खरी आहे. जपानमध्ये १९२० च्या दशकात ती शास्त्रशुद्ध बसवली गेली आणि मोठ्या हॅचऱ्यांत आजही चालते. पण ती पहिल्या दिवसाच्या पिल्लावर, मुद्दाम शिकलेल्या हाताने करायची. बघायचा उंचवटा टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि काही माद्यांतही तसाच दिसतो. घरी प्रयोग केला तर पोटातली पिवळ्या बलकाची पिशवी फुटून पिल्लू मरतं. ७ आठवड्यांच्या पिल्लावर तिचा उपयोग नाही.

पंखांच्या पिसांची लांबी बघून ओळखणंही फक्त पहिल्या २-३ दिवसांत आणि फक्त ठरवून केलेल्या संकरात जमतं, जिथे आई हळू पिसं येणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा असतो. कडकनाथावर ती लावून उत्तर काढलं तर ते नाणं उडवण्याएवढंच खरं.

पिसारा

आता खात्रीची खूण: कमरेची पिसं, म्हणजे पाठ संपून शेपटी सुरू होते तिथली.

आत्ता अंगावर आहेत ती पिलूपणीची पिसं, ती नर-मादी दोघांनाही गोल टोकाचीच येतात. म्हणून ६-७ आठवड्यांत बघणाऱ्याला सगळ्याच तलंगा वाटतात. ती गळून पुढची पिसं येताना फरक उमटतो. लाल संकरात १०-१२ आठवड्यांना, कडकनाथ सावकाश वाढतो म्हणून १२ ते १४ धरा. नराचं पीस लांब, अरुंद, टोकाला भाल्यासारखं, कडेला झालरीसारखं मोकळं आणि चमकदार. मादीचं रुंद, गोल टोकाचं.

काळ्यावर काळं दिसत नाही ही कडकनाथातली खरी अडचण. अंधार पडल्यावर पिल्लू दांडीवरून शांतपणे उचला, काखेत धरा, कमरेच्या एका पिसाखाली पांढरा पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा आणि टॉर्च बाजूने तिरकी धरा. टोकाची आकृती स्वच्छ उमटते. पीस उपटायची गरज नाही. किमान ५-६ पिसं बघा, कारण बदलाच्या काळात जुनी गोल आणि नवी टोकदार शेजारी-शेजारी असतात.

मानेच्या पिसांच्या रंगावर जाऊ नका. कडकनाथाच्या सोनेरी आणि पेन्सिल्ड (बारीक रेघांच्या) प्रकारात चमक दोघांच्याही मानेवर येते.

पिसावर एवढा भर का, तर तुरा वाढतो नर संप्रेरकाने, आणि तलंग अंड्यावर यायला लागली की तिचाही तुरा वाढतो. पिसाचं गोल टोक मात्र इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकामुळे येतं. ते नसेल तर पीस टोकदारच येतं, म्हणून खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा बसतो पण पिसं नराचीच राहतात. दोन खुणा दोन वेगळ्या वाटांनी येतात, म्हणून दोन्ही जुळल्या की निर्णय घ्यायचा.

परसदार_इंदूर

फार उपयोग झाला. भरड कमी केली. शेपटी नसलेल्या दोघांपैकी एकाच्या पाठीवर तुटलेली खुंटं आणि थोडं रक्त आहे, दुसऱ्याला नळीतली पिसं एकसारखी येताहेत. पहिल्याला वेगळं ठेवलंय. आणखी एक: बांग दिली की नर नक्की ना? पायामागच्या काट्याचं काय? आणि पिसांवरून डीएनए तपासणी होते म्हणतात, ती करावी का?

झाबुआ_रोड

टोचलेल्याच्या जखमेला हळद-तेल लावलंत तरी चालेल, पण लाल दिसणारा भाग झाकला जाईपर्यंत त्याला कळपात सोडू नका. रक्त दिसलं की सगळी त्यावरच तुटून पडतात.

या वयात बांग दिली तर नर धरायला हरकत नाही. पण बांग न देणाऱ्याला तलंग समजू नका. कळपात एक दांडगा कोंबडा असेल तर दुय्यम नर कित्येक आठवडे गप्प राहतात आणि दांडगा गेला की आठवडाभरात ओरडायला लागतात. शेजाऱ्यांसाठी नर देणार असाल तर हे आत्ताच लक्षात ठेवा. काट्यावर विसंबू नका, तो उशिरा वाढतो आणि वयस्क माद्यांनाही येतो. छाती पुढे काढून भिडणंही सोडा, तलंगाही भिडतात.

डीएनए तपासणी अचूक असते. छातीची वाढती ३-४ पिसं मुळासकट काढून कोरड्या कागदी पाकिटात पाठवायची; प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. पण १४ पिल्लांसाठी खर्च कशाला? पैदाशीचा एखादा मोलाचा पक्षी असेल तरच. काही गुंतागुंत वाटली तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून जवळ आहे, पिल्लू तिथे दाखवता येईल.

माळवा_कुक्कुट

द्यायची घाई १२ व्या आठवड्याआधी करू नका. लाल दोघं आधी वेगळे काढा. एका कोंबड्यामागे ८-१० माद्या हे प्रमाण बरं. ठेवायचा कोंबडा निवडताना सगळ्यात दांडगा नको, माणसाच्या पायावर न झेपावणारा घ्या. अंडी सुरू होईपर्यंत कळपाला लेअर (अंड्यावरच्या माद्यांचं) खाद्य घालू नका. त्यात साडेतीन टक्क्यांच्या वर कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लांच्या आणि नराच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. नंतरही ग्रोअरच ठेवून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत द्या, तलंगा लागेल तेवढा उचलतात.

परसदार_इंदूर (१३ वा आठवडा)

पोस्टकार्ड आणि टॉर्चने काल रात्री बघितलं. कडकनाथांत ४ जणांची पिसं स्वच्छ टोकदार, तुरेही चारही मोजण्यांत पुढे. ४ गोल. टोचलेल्या पिल्लाचा तुरा लहान, पण कमरेला तीन गोल आणि दोन टोकदार पिसं आहेत. नळीतली पिसं येत होती तो नरच निघाला.

पिसारा

दोन टोकदार पिसं नवी, बुडाशी अजून नळी असलेली आहेत का ते बघा. तशी असतील तर नर आहे. टोचण्यामुळे आणि खाद्यामुळे वाढ मागे पडली, म्हणून तुरा लहान. नळी नसेल आणि टोक नुसतं झिजून अणकुचीदार झालं असेल तर कडेची झालर दिसणार नाही. आज शंका असेल तर त्या एकाला देऊ नका. १५ दिवसांनी तिथेच पुन्हा कार्ड धरा, तोवर नवी पिसं पुरती उघडलेली असतील.