मार्तिन कोडाशची सहावी कांतिगा कोणत्या चालीत गावी?

विगोवासी
नवऱ्याच्या कामामुळे दीड वर्ष स्पेनमध्ये, विगोला आहे. पंधरा वर्षं हिंदुस्थानी संगीत शिकले, म्हणून इथल्या हौशी गायकवृंदात घेतलं. आता मार्तिन कोडाशच्या सात 'कांतिगा द अमिगो', म्हणजे मुलीने सख्यासाठी म्हटलेली गाणी, बसवतोय. तेराव्या शतकातला कवी, आणि गाण्यांत वाट बघणारी मुलगी याच गावची! 'ओंदास दो मार दे विगो, से विश्तेस मेउ अमिगो?' विगोच्या समुद्राच्या लाटांनो, माझा सखा दिसला का? संध्याकाळी खाडीकाठी हे गुणगुणताना घसा दाटून येतो.

अडचण सहाव्या गाण्याची. बाकी सहांचे सूर हस्तलिखितात आहेत, याचे नाहीत. आणि नाचाचं गाणं नेमकं हेच! काय करावं? आणि तालाचं काय, तानांना जागा आहे का?

जुनी_पोथी
ज्या चर्मपत्राच्या आधारे तुम्ही गाताय ते टिकलं हेच नवल. 1914 च्या सुमारास माद्रिदच्या पेद्रो विंदेल या पुस्तकविक्रेत्याला ते रोमन लेखक सिसेरोच्या एका ग्रंथाच्या बांधणीत अस्तर म्हणून लावलेलं सापडलं. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. या जुन्या गालिसियन-पोर्तुगीज परंपरेची साधारण 1,680 लौकिक गाणी शब्दरूपात उरली, पण सूर फक्त तेराच गाण्यांचे: कोडाशची सहा, आणि पोर्तुगालचा राजा दिनिशची सात, तीही फाटक्या पानावर, 1990 मध्ये लिस्बनच्या अभिलेखागारात मिळालेली. दिनिशची सातही 'कांतिगा द अमोर', म्हणजे पुरुषाच्या तोंडची.

सहाव्याला पहिल्या गाण्याची चाल उसनी घेऊ नका. ओळी ओढूनताणून बसतील, पण ध्रुवपद अडेल. पहिल्याचं ध्रुवपद लांब आहे, 'ए आय देउस, से वेर्रा त्सेदो'. सहाव्याचं नुसतं 'अमोर एइ', मी प्रेमात आहे. देवळाच्या आवारात नाचणाऱ्या मुलीच्या तोंडचे एवढेच शब्द. त्यांच्यासाठी नवी, छोटी चाल बांधा आणि कार्यक्रमात तसं सांगून टाका.

ताल हस्तलिखितातल्या सुरांच्या खुणांवरून पक्का ठरत नाही, अभ्यासकांत मतभेद आहेत. मी शब्दांच्या वजनावर गाईन. ताना नकोत. ओळींच्या शेवटी आहेत तेवढ्या हरकती पुरेत. पहिल्या कडव्यात 'अमिगो', दुसऱ्यात 'अमादो', आणि तिसरं कडवं पहिल्याचीच दुसरी ओळ उचलून पुढे सरकतं. लाट मागे जाऊन पुन्हा येते तसं. सजावट केली की ही चाल मोडते.

सासवडकरीण
उच्चाराबद्दल एक. 'त्सेदो' म्हणजे लवकर. त्या काळी हा 'त्स' आपल्या 'चोर'मधल्या च सारखा होता असं मानतात. आजचे गालिसियन (विगोच्या भागातले) गायक जीभ दातांमध्ये घेऊन 'थ' सारखा म्हणतात. तुम्हाला च आयताच येतो, तो सोडू नका.

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, म्हणून विचारते: ही गाणी बायकांची का?

जुनी_पोथी
आवाज बाईचा, कवी पुरुष. नावानिशी माहीत असलेले सगळेच. आजीच्या ओव्या बायकांनीच रचलेल्या, हा फरक मोठा आहे. मुलींच्या लोकगीतांचा साचा या कवींनी उचलला असं अनेक अभ्यासकांना वाटतं, मलाही. आई, बहीण, देऊळ, समुद्र, सगळं घरातल्या बोलण्यासारखं येतं. दुसऱ्या गाण्यात ती आईला सांगते, सखा जिवंत आहे, सुखरूप आहे, मी विगोला जाते. चौथ्यात विगोत एकटीच उभी आहे.

विगोवासी
चौथ्याबद्दल लिहिलंत ते वाचून थांबलेच. काल 'अमोर एइ' दोन सुरांत बांधून बघितलं, पहिली दोन अक्षरं एकाच सुरावर आणि शेवटचं खाली. नाचायला पाय उचलतो. बुधवारच्या तालमीत सगळ्यांना ऐकवते.