वापरलेले कपडे परदेशातून मागवता येतात का?

मुरबाडकर: न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे लहान मुलांचे धड, स्वच्छ कपडे साठलेत. आश्रमशाळेत वाटायला २ खोकी कुरियरने मागवायची आहेत. ‘भेट, किंमत शून्य’ लिहिलं तर कस्टम्समधून सुटतील का? आणि बंदी आहे म्हणतात, तर फुटपाथवर फॉरेनचे जॅकेट येतात कुठून?

न्हावाशेवा_सीएचए: शून्य किंमत मुळीच लिहू नका, ती खोटी घोषणा ठरते. डिसेंबर २०१९ पासून पोस्ट-कुरियरच्या भेटींत ड्युटीची सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. ड्युटी भरायची तयारी असली तरी अडतं, कारण यंत्रसामग्री सोडून बाकी जुना माल ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे. आधी डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालयाचं) ऑथरायझेशन, म्हणजे परवाना, लागतं, दानधर्माचं कारण सांगून ते टळत नाही. नसेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १११(ड) खाली जप्ती, ११२ खाली दंड.
येणारं कुटुंब स्वतःचे वापरलेले कपडे बॅगेतून आणतं, त्याला हरकत नाही. एकाच मापाचे ४० फ्रॉक निघाले तर मात्र विचारणार. खरं तर कुरियरच्या खर्चात इथेच नवे कपडे येतील.

पानिपत_शॉडी: जॅकेटचं सांगतो. कस्टम्सच्या वर्गवारीत हेडिंग ६३०९ म्हणजे जुने कपडे, ६३१० म्हणजे चिंध्या. शॉडी सूत (जुन्या कपड्यांच्या धाग्यांतून पुन्हा काढलेलं) आणि ब्लँकेटसाठी लोकरी-सिंथेटिक चिंध्या खुल्या आहेत, पण कपडा पूर्ण निकामी केलेला हवा: किमान ३ काप, आडवेतिडवे, लांबीभर, शिवणीवरून नव्हे. शिवण उसवली तर शिंपी तासाभरात पुन्हा जोडतो, म्हणून ती अट. गोम इथेच. चिंध्या म्हणून आलेल्या गाठीत वरचे थर कापलेले, आत अख्खी जॅकेटं. गाठ फोडल्यावर सापडतात. मग कलम १२५ चा रिडेम्पशन फाइन भरून माल सोडवायचा, आणि काही व्यापारी तो फाइन भावातच धरतात.
कांडला सेझमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) युनिटं अख्खे कपडे आणून निवडतात, ते पुन्हा निर्यातीसाठी.
तिबेटी बाजारातले स्वेटर मात्र बहुतेक लुधियानाचे, नवेच असतात.

मुरबाडकर: म्हणजे छोटं पार्सलही ६३०९ मध्येच?

न्हावाशेवा_सीएचए: नाही. ६३०९ ला दोन्ही हवं: वापराच्या ठळक खुणा, आणि माल सुटा ढिगाने किंवा गाठी-पोत्यांत. व्यवस्थित घडी घालून खोक्यात भरलेले कपडे ६१ किंवा ६२ प्रकरणात, म्हणजे तयार कपड्यांच्या वर्गात, जातील. पण जुन्या मालाची अट तिथेही लागू. हेडिंग बदलून सुटका नाही.