एलएम३५८ टेबलावर शांत, केबल लावली की नाचतो

सोल्डर_इंदुरी:
मंडळी, डोकं फिरलंय. पिथमपूरच्या एका पॅनलसाठी प्रेशर सेन्सरचा ०-१० व्होल्ट सिग्नल बफर करतोय (तसाच, फक्त जोर देऊन पुढे पाठवतोय), एलएम३५८ ऑपअँप (अँप्लिफायरचा आयसी), गेन एक (जेवढं आत तेवढंच बाहेर), सप्लाय २४ व्होल्ट. घरी टेबलावर रीडिंग जागचं हलत नाही, पण १२ मीटर शील्डेड केबल लावली की पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) आकडे उड्या मारायला लागतात. ऑसिलोस्कोपवर साधारण अर्ध्या मेगाहर्ट्झची लहर दिसते. मला वाटलं नॉइज आहे, म्हणून आउटपुटवरच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ठोकला तर अजून वाट लागली, लहर मोठी झाली आणि सत्तरेक किलोहर्ट्झवर उतरली. माल डुप्लिकेट असेल म्हणून इंदूरच्या जेल रोडवरून चार आयसी आणले, चारही तसेच!

पोहे_जास्त_शेव:
३५८ स्लो आहे रे, ५५३२ टाक, तो फास्ट ऑपअँप आहे.

जुना_रेडिओवाला:
नको. जास्त बँडविड्थवाला ऑपअँप केबलवर आणखी पटकन बिथरतो, शिवाय सिंगल सप्लायवर ५५३२ शून्यापर्यंत खाली येणारच नाही.
आणि भिया, हा नॉइज नाहीच, तुझा बफरच ऑसिलेटर झालाय, स्वतःच लहर तयार करतोय. आयसीच्या आत आउटपुटला स्वतःचा रेझिस्टन्स असतो, ३५८ ला तीनेकशे ओहम धर. शील्डेड केबल मीटरला शंभरेक पिकोफॅरड, म्हणजे १२ मीटरचे झाले १२०० पिको. या दोघांमुळे फीडबॅक (आउटपुटवरून इनपुटला परत जाणारा सिग्नल) उशिरा पोचतो आणि गेन एकला तर सगळंच आउटपुट परत येतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त त्रास. डेटाशीटमध्ये गेन एकला आउटपुटवर ५० पिकोच चालतील असं लिहिलंय बघ, आणि तू वरून ०.१ मायक्रो लावलास.
तो कपॅसिटर आधी काढ. मग आउटपुट आणि केबलच्या मध्ये २२० ओहम टाक, पण फीडबॅक आयसीच्या आउटपुट पिनवरूनच घे. आणि हो, स्कोपचा प्रोब १० एक्सवर ठेव, १ एक्सला प्रोबचेच शंभर पिको चढतात.

सोल्डर_इंदुरी:
दादा, जमलं!! लहर गायब. पण पीएलसीला १० ऐवजी ९.९८ दिसतायत.

जुना_रेडिओवाला:
पीएलसीचा इनपुट १०० के (किलोओहम) असणार, २२० ओहमवर तेवढं पडणारच. फीडबॅक त्या २२० च्या पुढून १० के मधून घेतलास आणि आउटपुट पिनपासून इन्व्हर्टिंग (उणे) इनपुटला १०० पिको जोडलास तर तेही भरून निघेल. पण खरं सांगू, पीएलसीच्या स्केलिंगमध्ये (आकडा गुणून दुरुस्त करायची सेटिंग) मारून टाक, कुठे परत सोल्डरिंग करतोस.
तुझा ०.१ मायक्रो वाया नाही गेला, आता २२० च्या पुढे, पीएलसीच्या बाजूला लाव. फीडबॅक पिनवरूनच असेल तर तिथे तो त्रास देत नाही, उलट सात किलोहर्ट्झच्या वरचा कचरा गाळतो. मग १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह देऊन आयसीची आउटपुट पिन स्कोपवर बघ, कड सरळ उभी राहून थांबली पाहिजे, थरथरायला नको.

सोल्डर_इंदुरी:
लावला, पिन शांत आहे. स्केलिंगच केलं दादा, १०.०० दिसतायत. उरलेले आयसी कुणाला पाहिजेत का?