शेतात मदत केली म्हणून बेरोजगार नाही? सर्वेत नेमकं कसं धरतात

बार्शीकर:
परवा आमच्याकडे सरकारी सर्वेवाले आलेले, पीएलएफएस, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणारा सर्वे. धाकटा भाऊ एमपीएससीचं करतोय, आधी पुण्यात होता आता खर्च झेपेना म्हणून गावाकडेच अभ्यास. मागच्या आठवड्यात काय केलं विचारलं तर आई म्हणाली वडलांबरोबर सोयाबीन काढायला गेला होता, झालं, कामावर आहे असं लागलं. पोराच्या हातात एक रुपया नाही! असं धरलं तर बेरोजगारी कमी दिसणारच ना?

टॅब्लेटवाला:
मी कंत्राटावर हे काम केलंय म्हणून सांगतो. आठवड्याच्या हिशोबात ७ दिवसांत कुठल्याही दिवशी १ तास जरी काम केलं तरी तो कामावर, आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणं पण कामच, कोड २१. बेरोजगार कधी लागतो तर आठवडाभर काहीच काम नाही आणि शोधतोय, किंवा मिळालं तर करायला तयार आहे. आता काम नकोच, फक्त अभ्यास करणार म्हणाला तर तो बेरोजगार पण नाही, श्रमशक्तीच्याच (काम करणारे अधिक बेरोजगार) बाहेर 😀 वर्षाचा हिशोब अजून वेगळा, त्यात वर्षातला जास्त काळ काय केलं ते बघतात पण जोडीला ३० दिवस काम झालं असेल तरी कामात घेतात. म्हणूनच २०२३-२४ चे बेरोजगारीचे दर दोन, वर्षाच्या हिशोबाने ३.२ टक्के, आठवड्याच्या हिशोबाने ४.९. ज्याला जो सोयीचा तो उचलतो. २०२५ पासून दर महिन्याला येतो तो आठवड्याचा.

गोठेवाली:
बायकांचं तर विचारूच नका. नवरा उंबऱ्यातूनच सांगतो, ही घरीच असते. लागला ९२, म्हणजे फक्त घरकाम, सरपण-चारा आणत असेल तर ९३. तीच बाई दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालते हे कुणी खोदून विचारलं तरच ती कामावर. महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७, खरंच नोकऱ्या लागल्या असतील तर आनंदच आहे पण यात बिनपगारी मदतनीस किती ते आधी बघा.

म्युनिककर:
१ तासाचा नियम आपल्या सरकारने काढलेला नाही हां, तो आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), जगभर तोच. इथे जर्मनीत सर्वेचा आकडा वेगळा आणि रोजगार कार्यालयातल्या नोंदणीचा वेगळा. नोंदणीत आठवड्याला १५ तासांच्या आत काम करत असाल तरी बेरोजगार म्हणून नाव राहतं, त्यामुळे नोंदणीचा आकडा मोठा दिसतो.

बार्शीकर:
मग भावाने महास्वयंमवर, म्हणजे राज्याच्या रोजगार नोंदणीच्या पोर्टलवर, नाव घातलंय ते कशात मोजतात?

टॅब्लेटवाला:
ते या दरात येतच नाही. नाव घालायची सक्ती नाही, नोकरी करणारे पण चांगल्या नोकरीसाठी घालतात आणि लागल्यावर काढायला कोण जातंय. खरं तर सगळ्या प्रकारचे बेरोजगार एका आकड्यात कोंबण्यात अर्थ नाही हे बेरोजगारीचे अंदाज तपासणाऱ्या दांतवाला समितीने १९७० लाच सांगितलंय, तरी आपल्याला हेडलाईनला एकच आकडा लागतो. आणि हो, आता निवडलेल्या घरी सलग ४ महिने येतात. पुढच्या वेळी आईऐवजी भावालाच उत्तरं द्यायला बसवा, काम शोधतोय का हे त्याच्या तोंडून आलेलं बरं.