विनादेखरेख विंडोज इन्स्टॉलेशन: संगणकाचं नाव आणि लोकल अकाउंट

कोरीडिस्क: एकाच पेनड्राइव्हवरून 40 मशिनवर विंडोज 11 प्रो टाकायचं आहे. रूटमध्ये ऑटोअनअटेंड.एक्सएमएल ही उत्तर-फाइल, म्हणजे सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल, ठेवली आहे. पार्टिशन होतात, फाइली कॉपी होतात, पण रीस्टार्टनंतर स्पेशलाइझ पासमध्ये (मशिनचं नाव वगैरे ठरतं त्या टप्प्यात) उत्तर-फाइल वाचता येत नाही म्हणून सेटअप थांबतो. कंप्युटरनेममध्ये 'लॅब-' आणि त्यापुढे पर्सेंटच्या दोन चिन्हांमध्ये सीरियलनंबर असं लिहिलंय. ती ओळ काढली की गाडी पुढे सरकते, पण लोकल अकाउंट न बनता अकाउंट विचारणारा पडदा येतो. घोडं कुठं पेंड खातंय?

लॉगवाचक: दोन वेगळे घोटाळे आहेत.

नावाचा आधी. असं बदलतं नाव ऑटोपायलटच्या (क्लाउडमधून मशिन तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या) प्रोफाइलमध्ये देता येतं. उत्तर-फाइलीत पर्सेंट हे नावातलं अवैध चिन्हच ठरतं, म्हणून सेटअप तिथेच मान टाकतो. स्पेसही चालत नाही आणि 15 पेक्षा जास्त अक्षरंही नाहीत; 15 ही नेटबायोसची (नेटवर्कवरच्या नावांच्या जुन्या पद्धतीची) मर्यादा आहे. कंप्युटरनेममध्ये नुसतं * ठेवा, म्हणजे तात्पुरतं नाव विंडोज स्वतः देईल. खरं नाव फर्स्टलॉगऑनकमांड्समधून (पहिल्या लॉगऑनला आपोआप चालणाऱ्या कमांड्समधून) द्या: पॉवरशेलने विन32_बायोस या मशिनच्या माहितीतला सीरियल नंबर घ्यायचा, अक्षरं-आकडे सोडून बाकी सगळं गाळायचं, शेवटची 11 अक्षरं घेऊन रीनेम-कंप्युटर चालवायचं. रोमन लिपीत 'लॅब-' ची 4 आणि ही 11, बरोबर 15. सुरुवातीची 11 घेऊ नका; एकाच लॉटमधल्या मशिनची पहिली अक्षरं बहुधा सारखीच असतात. सीरियल 11 पेक्षा लहान निघाला तर सबस्ट्रिंग (अक्षरांचा तुकडा कापणारी आज्ञा) एरर देतं, तेव्हा लांबी आधी तपासा. रीस्टार्टची कमांड सगळ्यात शेवटी.

अकाउंट: यूजरअकाउंट्स हा भाग ओओबीईसिस्टम पासमधल्या (विंडोज पहिल्यांदा सुरू होतानाच्या टप्प्यातल्या) शेल-सेटअप या घटकाखाली हवा, स्पेशलाइझमध्ये नाही. प्रोसेसरआर्किटेक्चर तिथे एएमडी64 (64-बिट) आहे ना? दुसऱ्या कुठल्या फाइलीतून चिकटवताना एक्स86 (32-बिट) राहिलं, तर तो अख्खा भाग गुपचूप वगळला जातो, एररसुद्धा येत नाही.

कोरीडिस्क: एक्स86 च होतं! अकाउंट बनलं. पण काही असेंबल केलेल्या मशिनवर सीरियलच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' येतंय.

निळापडदा: त्या मदरबोर्डवर उत्पादकाने सीरियल भरलेलाच नाही, सगळीकडे तेच वाक्य मिळेल. तिथे वायर्ड नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) घ्या. कोलन-डॅश काढले की 12 अक्षरं उरतात, त्यातली शेवटची 11. यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचा मॅक घेऊ नका, तोच अडॅप्टर फिरवत बसलात तर सगळ्यांचं नाव एकच होईल.

रीनेमची कमांड सेटअपकम्प्लीट.सीएमडीमध्ये (सेटअप संपताना चालणाऱ्या फाइलीत) हलवायचा मोह होईल, पण प्रो आवृत्तीत ओईएम की (मशिनच्या उत्पादकाकडून आलेली विंडोजची की) असली तर ती फाइल चालतच नाही. फर्स्टलॉगऑनकमांड्स मात्र कुणीतरी लॉगऑन केल्यावरच चालतात, म्हणून ऑटोलॉगऑनही (आपोआप लॉगऑन) भरा, लॉगऑनकाउंट 1, म्हणजे एकदाच. मशिन डोमेनमध्ये (संस्थेच्या केंद्रीय नियंत्रणातल्या नेटवर्कमध्ये) घ्यायचं असेल तर नाव आधी, जॉइन नंतर.

लॉगवाचक: पासवर्डचंही बघा. विंडोज सिममधून (उत्तर-फाइल बनवायच्या साधनातून) 'लपवलेला' पासवर्ड म्हणजे फक्त बेस64, कुणालाही उलगडता येणारं अक्षरांचं रूपांतर. उलगडला की मूळ पासवर्ड आणि त्याच्या शेपटीला 'पासवर्ड' हा शब्द दिसतो. मशिनवरच्या पँथर फोल्डरमधल्या (सेटअपच्या नोंदींच्या जागेतल्या) प्रतीतून सेटअप तो पुसतो, पण पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइलीत तो तसाच राहतो. या अकाउंटला तात्पुरता पासवर्ड द्या आणि काम झाल्यावर बदला. अकाउंटचं नाव संगणकाच्या नावासारखंच ठेवू नका, विंडोज ते स्वीकारत नाही. पुन्हा अडलं तर सी ड्राइव्हवर विंडोज\पँथरमधली सेटअपएरर.लॉग आधी उघडा.