स्कॉर्म पॅकेज पूर्ण केलं तरी मूडलवर 'इनकम्प्लीट'

सिस्टर_ट्यूटर: नमस्कार. आमच्या नर्सिंग कॉलेजात मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) आहे. संसर्ग-नियंत्रणाचं स्कॉर्म १.२ पॅकेज (ऑनलाइन धडा अशा प्रणालीत चालावा म्हणून ठरलेल्या मानकाप्रमाणे बांधलेला) बाहेरून बनवून घेतलंय. एका बैठकीत संपवणाऱ्या मुलींचं ठीक चालतं. ज्या मधेच वॉर्डात ड्यूटीला जातात, त्यांना परत आल्यावर बरीच मागची स्लाइड दिसते आणि शेवटी 'इनकम्प्लीट'. बनवणारे सर्व्हरवर ढकलतात, मुली माझ्यावर. नेमकं कुठे पाहू?

खटपट्या_पुणे: मॅडम, सर्व्हर राहू द्या बाजूला. मधे उठलं की गडबड, म्हणजे माझा संशय सस्पेंड डेटावर. मुलगी कुठवर आली, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे सगळं पॅकेज एका लांबलचक ओळीत कोंबून एलएमएसकडे, म्हणजे इथे मूडलकडे, ठेवायला देतं. १.२ हे मानक २००१ चं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातलं. त्यात या ओळीला जागा ४०९६ अक्षरांची. स्लाइडा आणि प्रश्न वाढले की ओळ फुगते, मग नवी नोंद नाकारली जाते आणि जुनीच राहते. 'सगळ्या स्लाइडा पाहिल्या तर पूर्ण' अशी अट असेल तर मुलगी जन्मभर अपूर्णच!

स्कॉर्मच्या अहवालात अडकलेल्या मुलीचा प्रयत्न उघडून सस्पेंड डेटाची लांबी मोजा. चार हजारांच्या आसपास थबकली असेल तर हेच दुखणं. मूडलच्या अ‍ॅडमिनला स्कॉर्मच्या सेटिंगमधला 'स्टँडर्ड्स मोड' बंद करायला सांगा, म्हणजे १.२ च्या मर्यादेपेक्षा जास्त मजकूर साठवता येतो. पण खरा इलाज पॅकेजचे दोन-तीन तुकडे करणं. बनवणारे 'स्कॉर्म २००४ मध्ये काढून देतो' म्हणतील, ही स्कॉर्मची पुढची पिढी. त्याच्या चौथ्या आवृत्तीत ६४००० अक्षरं बसतात खरी, पण मूडल स्कॉर्म २००४ पूर्णपणे पाळत नाही. नकोच.

नवाकोरा: २०१३ पासून एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदी ठेवायचं नवं मानक आहे की! अजून स्कॉर्म कशाला?

खटपट्या_पुणे: त्याला नोंदी साठवायला वेगळं एलआरएस (लर्निंग रेकॉर्ड स्टोअर) लागतं. ते सांभाळणार कोण, ट्यूटर मॅडम? मुलगी सिम्युलेशन लॅबमध्ये काय करते तेही टिपायचं असेल तर जरूर घ्या. इथे फक्त पूर्ण-अपूर्ण हवंय.

सिस्टर_ट्यूटर: पाहिलं. अडकलेल्या सगळ्यांची ओळ चार हजारांच्या जरा अलीकडेच थांबलीय. अ‍ॅडमिनला कळवते. तुकडे केले तर गुण एकत्र कसे दाखवू?

खटपट्या_पुणे: ग्रेडबुकात एक कॅटेगरी करून सगळे तुकडे तिच्यात टाका, बेरीज मूडल करेल. आणि झिप करताना आयएमएसमॅनिफेस्ट फाइल (पॅकेजात काय काय आहे ते मूडलला सांगणारी) फोल्डरच्या आत नको, थेट झिपच्या मुळाशी ठेवायला सांगा. नाहीतर पुढचा धागा त्याचाच निघेल.